दुसरी कॉपी दुसऱ्या छपराखाली

आमच्या चौघांचे किस्से मी लिहून ठेवत नाही. गरजच पडत नाही. रविवारी सकाळी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात चहा आला, की कुणीतरी एक काढतो, दुसरा तो दुरुस्त करतो आणि तिसरा म्हणतो, "असं झालंच नव्हतं." तेवढ्यात त्याच्या शेपटाला धरून आणखी चार येतात.

चौघं म्हणजे मी फ्रेमवाला, चादरीचा कारखाना असलेला नरसय्या, टुरिस्ट जीपवाला सलीमभाई आणि शाळेत गणित शिकवणारे कांबळे सर. चौघांनाही कॅमेऱ्याचं वेड. वर्षातून एक ट्रिप करायची, मन भरेपर्यंत फोटो काढायचे आणि ते सुखरूप घरी आणायचे. यातलं फोटो काढायचं काम आम्हाला छान जमतं.

*

पहिल्या ट्रिपला, हंपीला, नरसय्यानं लॅपटॉप आणला होता. रोज सगळ्यांचे फोटो त्यात टाकायचे असं ठरलं. टाकलेही. पण त्या लॅपटॉपमध्ये त्याचा कारखानाही होता. सकाळी "एक मेल बघतो" म्हणून गडी जो बसला तो जेवायलाच उठला. आम्ही देवळं बघून परत आलो, तर हा लॉजच्या मालकाला टॉवेलची डिझाइनं दाखवत होता. दोन्ही दिवस हेच.

सोलापूरला आल्यावर बायकोनं विचारलं, "हंपी कसं होतं?"

नरसय्या म्हणाला, "वायफाय चांगलं होतं."

त्या दिवसापासून आमच्या ट्रिपला कॉम्प्युटर बंद.

*

"बिनकॉम्प्युटरचं मी बघतो," सलीमभाई म्हणाला. गोकर्णला त्यानं फोनला लावायचं कार्ड रीडर आणलं आणि रोज संध्याकाळी सगळे फोटो दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतले. फार शिस्तीचा माणूस. येताना विजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. सलीमभाईनं सगळं सामान एका पाऊचमध्ये घालून पाऊच जीपच्या बॉनेटवर ठेवला, चहा प्याला आणि जीप काढली. वीस किलोमीटर गेल्यावर आठवण झाली. मागं फिरलो, रस्ता धुंडाळला, पाऊच काही मिळाला नाही.

सरांनी धीर दिला. "एवढं काय त्यात? दोन कॉप्या आहेत ना?"

"हौ," सलीमभाई म्हणाला, "दोनो उसीमें. ताटातूट नको म्हणून."

"आणि कॅमेऱ्यातली कार्डं?"

"वो भी."

*

यावर नरसय्यानं आम्हाला कारखान्याचा धडा दिला. चादरीचं डिझाइन भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असतं. माळ गेली की डिझाइन गेलं. त्याच्या वडिलांच्या काळात कारखान्याला आग लागली, तेव्हापासून प्रत्येक माळेचा दुसरा सेट मामाच्या घरी असतो. "दुसरी कॉपी दुसऱ्या छपराखाली," नरसय्या म्हणाला. "आमच्यात पोरगं चालायच्या आधी हे शिकतं."

पटलं. पुढच्या ट्रिपपासून कॉपी आमच्याजवळ ठेवून भरलेलं कार्ड आम्ही रजिस्टर पोस्टानं नरसय्याच्या घरी पाठवायला लागलो. मुरुडहून पाठवलेलं कार्ड पद्मावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, ओलसर लागलं. भिजलेला फोन तांदळात ठेवतात एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी कार्ड तांदळाच्या डब्यात टाकलं आणि विसरल्या. पंधरा दिवसांनी जेवताना नरसय्याच्या दाताखाली खडा आला. काढून बघतो तर मुरुडचा अख्खा समुद्र!

वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या छपराखालीच होता की."

*

"पोस्टबिस्ट सोडा," कांबळे सर म्हणाले. त्यांच्या मुलानं त्यांच्या फोनवर अशी सोय करून दिली होती, की काढलेला फोटो आपोआप इंटरनेटवर जाऊन बसायचा. छपराची भानगडच नाही. बेळगावला सरांनी कुंद्याची प्लेट मागवली. सरांना शुगर आहे, पण खाण्याआधी फोटो काढायची सवयही आहे. एक प्लेट झाली, दुसरी झाली. तिसरीचा फोटो काढून चमचा उचलला, तेवढ्यात घरून फोन आला. वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

"ती तिसरी खाली ठेवा."

सरांनी आधी मागं वळून पाहिलं. मग उलगडा झाला. घरच्या टीव्हीवर सरांचंच खातं चालू होतं, नवा फोटो पडद्यावर आपोआप यायचा, आणि शेजारच्या दोघी चहा पीत बेळगावची ट्रिप बघत होत्या. सरांनी तिथल्या तिथं ती सोय बंद केली. यापुढे फोन खिशात, फोटो फक्त कॅमेऱ्यावर, अशी शपथही घेतली. ती शपथ पुढं महागात पडली.

*

सांचीच्या ट्रिपला सरांनी आईला बरोबर घेतलं. आईंनी सगळं आयुष्य रोजंदारीत काढलेलं, तो स्तूप एकदा डोळ्यांनी बघायचा होता. सरांचं आणखी एक मागणं होतं, ते त्यांनी मला गाडीत सांगितलं. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. "मला त्यांचा आवाज आठवतो, चेहरा आठवत नाही," सर म्हणाले. "आईचा एक फोटो पाहिजे. हसताना." जन्मभर मी लोकांच्या आईबापांचे फोटो फ्रेममध्ये बसवत आलोय.

पण कॅमेरा दिसला की आई तोंडावर पदर घ्यायच्या. "म्हातारीचा कसला फोटू?" दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्तूपापाशी माकडानं सलीमभाईच्या हातातलं सोललेलं केळं नेलं आणि आई खळखळून हसल्या. सरांनी बरोबर टिपलं. स्क्रीनवर बघताना त्यांचे डोळे भरून आले.

"हा जपायचा," नरसय्या म्हणाला. आधीची दोन कार्डं पोस्टात गेलेली, आणि हे शेवटचंही भरलं होतं. सलीमभाईनं या खेपेला एक डबी आणली होती. तिच्यात कार्ड घालायचं, बटण दाबायचं, फोटो आत उतरतात. आम्ही चौघं तिथंच पायरीवर बसलो. हिरवा दिवा लुकलुकला.

"हौ, हो गया," सलीमभाई म्हणाला. नरसय्यानं, ज्यानं आम्हाला छपराचा धडा दिला त्यानं, स्वतःच्या हातानं कार्ड पुसून कोरं केलं. दिवसभर आम्ही त्याच्यावर शे-दोनशे फोटो काढले.

परतीच्या गाडीत सरांनी आईला फोटो दाखवायला डबी फोनला जोडली. आधीच्या दोन दिवसांचे सगळे फोटो होते. सकाळचा एकही नव्हता. डबीतली जागा संपली होती, दिवा बिचारा तेच सांगत होता. आणि कोऱ्या केलेल्या कार्डावर आम्ही इतके फोटो काढून बसलो होतो, की खालचं काही परत मिळायची आशा नव्हती.

सर खिडकीकडे तोंड करून बसले. नरसय्या म्हणाला, "सर, मला दोन थोबाडीत मारा." तरी ते वळले नाहीत.

"काय झालं रं, तोंड पाडून बसाया?" आईंनी विचारलं. सरांनी सांगितलं. आईंनी कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या खालून एक घडी घातलेला फोटो काढला. स्तूपाच्या आवारात जागेवर फोटो छापून देणारा एक माणूस फिरत होता. त्याच्यासमोर आईंनी पदर घेतला नव्हता.

"तुमचं काय खरं न्हाय, हे मला पैल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या.

सरांनी घडी उलगडली. फोटोत आई तोंड उघडून, अगदी मनापासून हसत होत्या. कोपऱ्याला थोडा चुना लागला होता. सरांनी तो अंगठ्यानं पुसला.

"आई, एवढं कशाचं हसू आलं गं?"

"मागं बघ की."

आईंच्या मागं पायरीवर आम्ही चौघं होतो. सलीमभाई डबी कानाला लावून ऐकत होता, नरसय्या कार्डावर फुंकर मारत होता, सर हात जोडून बसले होते आणि माझ्या दातात वायर होती.

नरसय्यानं हळूच हात पुढं केला. "आई, याची एक कॉपी काढून..."

आईंनी फोटोची घडी घातली, सुपारीखाली ठेवली आणि चंचीची दोरी ओढली.

"तुमी हात लावू नगा."