एका तासाचं अंतर

शेवटचं आमी दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे ओल्या तुरीच्या शेंगा सोलणं. मी चार सोलायचो, दोन खायचो. बायको म्हणली, "अवो, सोलाय बसलाव का चराय?" मग तिनं चूळ भरली, तर पाणी लाल. मी म्हणलो, "दात हलत आसंल." जाळावं ह्या तोंडाला!

तिच्या काळजात नकली झडप बसवलेली. त्यामुळं रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. त्यात कमरेला गजकर्ण झालं, म्हणून बाजारच्या गावात दुसऱ्या डॉक्टरकडं गेलतो. काळजाची फाईल मीच ट्रंकेत ठेवली. एकाचे कागद दुसऱ्याला दावले की डॉक्टर चिडतो, असं आमच्याकडं सगळेच धरून चालतात. त्यानंबी इचारलं न्हाई, दुसरं काय चालू हाय का. आन् गोळ्या दिल्या त्याच दुकानदारानं, ज्याच्याकडनं मी वर्षानुवर्षं रक्ताची गोळी आणतो. त्याच हातानं!

दोन औषधं पोटात भांडू नयेत म्हणून आठवडाभर मी घड्याळ बघून तासाच्या अंतरानं देत होतो.

शेंगा सोलल्या त्याच संध्याकाळी ती डोकं धरून पडली. बीडला नेलं. तिथली डॉक्टरीणबाई म्हणली, "आजोबा, तासाच्या अंतरानं काही होत नाही. गजकर्णाच्या गोळीनं लिव्हरचं काम अडवलं. रक्ताची गोळी शरीरातून निघून जायची, ती साठत गेली. रक्त फार पातळ झालं, डोक्यात रक्तस्राव झाला."

"मग हे आदी कोण सांगणार होतं?"

तिनं दोन्ही पाकिटं माझ्या हातात परत दिली.

दुसऱ्या दुपारी बायको गेली. मावळतीला आग्नी दिला.

सकाळी उठून दोन्ही पाकिटं घेऊन दुकानात गेलो.

दुकानदार म्हणला, "बाबा, सुतकात कशाला आलाव?"

"सुतक मला हाय बे, तुझ्या जिभेला न्हाई. ह्या दोन गोळ्या संगं चालतात का?"

"डॉक्टरनं लिहिलं, मी दिलं."

"तुला ठावं होतं का न्हाई, तेवढं बोल."

तो कंप्युटरात बघाय लागला. माझ्या मागं एक बाई चिठ्ठी घेऊन उभी होती. तिला इचारलं, "बाई, घरी दुसरी गोळी चालू हाय का?"

"हाय की. बीपीची."

"हे त्याला सांगा."

तिनं सांगितलं. मी काउंटरवर हात ठेवून उभा राहिलो. त्यानं तिच्या डॉक्टरला फोन लावून इचारलं, तवाच बाजूला झालो.