तुरटीघराचे टेकू

आबा मिस्त्री कुठल्याही खोलीत शिरताना आधी वर बघायचे. माणसांकडे नंतर. साहेबाची केबिन असो नाहीतर लग्नाचं कार्यालय, दारात थांबून त्यांची नजर छताच्या चारी कोपऱ्यांतून फिरून यायची आणि मगच ते 'रामराम' म्हणायचे. नवख्याला हा माणूस शिष्ट वाटे. मलाही वाटला. मी ओव्हरसिअर म्हणून रुजू झालो त्या दिवशी आबा माझ्या डोक्यावरच्या छताकडे बघून म्हणाले, "खुर्ची हातभर सरकवा साहेब. तिथला गिलावा सुटलाय." मी हसलो आणि तिथंच बसून राहिलो. चार दिवसांनी ताटाएवढा पोपडा माझ्या टेबलावर आदळला. मी जेवायला गेलो होतो म्हणून वाचलो. आबांनी झाडू आणून टेबल साफ करून दिलं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. नाशिकहून एसटीनं तासाभरावर असलेल्या एका गावाचं ते पाणी शुद्ध करायचं केंद्र. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना तो दिवस पुन्हा आठवायला लावायची माझी इच्छा नाही. इमारती जुन्या होत्या, ओल कायमची. आबा तिथले गवंडी, सुतार आणि वेळेला प्लंबरही. सिन्नरकडचे. खिशात ओळंबा आणि कानावर पेन्सिल. लिहिता मात्र येत नव्हतं. ती पेन्सिल भिंतीवर खुणा करायला.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्त्यांची यादी व्हायची. आबा पुढं चालायचे, मी वही घेऊन मागं. त्यांच्याकडे दुरुस्त्यांचे दोनच प्रकार होते. "हे दुखणं," ते म्हणायचे आणि पुढच्या भिंतीशी थांबून, "हा नखरा." फुटकी कौलं, गळकी टाकी, सडलेला जिना म्हणजे दुखणं. कंपाउंडची भिंत, फाटकाचा रंग, प्रयोगशाळेतली नवी फरशी म्हणजे नखरा. "दुखणं आधी लिहा साहेब. नखऱ्याला मरण नसतं, तो थांबेल."

त्या वर्षी त्यांनी मला थेट मागच्या तुरटीघरात नेलं. तिथं पाण्यात टाकायच्या तुरटीचं द्रावण बनायचं. वर्षानुवर्षांच्या त्या आंबट ओलीनं स्लॅबच्या सळ्या गंजून फुगल्या होत्या आणि खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटत होतं. आबांनी एका सळईला बोट लावलं. गंजाचा भुगा त्यांच्या बाहीवर पडला.

"याला पहिला नंबर द्या. आत्ता नदीचं पाणी निवळ हाय, तुरटी लागत नाय. महिनाभर बंद ठेवता येईल. एकदा पावसाचा गढूळ लोंढा आला की हे घर दिवसभर चालू."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते पटलंही होतं. पण वरिष्ठांची भेट ठरली होती. तुरटीघर मागच्या अंगाला, तिथं कुणी फिरकणार नव्हतं. मी यादीत कंपाउंड पहिलं लिहिलं, प्रयोगशाळेची फरशी दुसरी, फाटकाचा रंग तिसरा. तुरटीघर चौथं. दिवाळीनंतर बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

आबांनी वाद घातला नाही. जुन्या लाकडी बल्ल्या जमवून त्यांनी स्लॅबखाली सहा टेकू उभे केले. तिथला ऑपरेटर वामन रोज दुपारी त्या गारव्यात डबा खायला बसायचा. आबा त्याला दंडाला धरून बाहेर काढायचे.

"आबा, तुमच्या स्वतःच्या घराला छप्पर तरी हाय का?" वामन चिडवायचा.

"हाय की. तुझ्या सासऱ्याच्या डोक्यापेक्षा मजबूत!"

मग दोघं लिंबाखाली बसून एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. वामन त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्यासाठी आबांनी लाकडाचा पोळपाट करून दिला होता, तळहाताएवढा.

पाऊस लागला. नदी लाल झाली आणि तुरटीची पोती दिवसभर आत जाऊ लागली. हमालांना टेकू आडवे यायचे. एक हमाल पोत्यासकट पडला, दुसऱ्यानं काम सोडायची धमकी दिली. मी आबांना बोलावलं.

"मधले दोन काढा. तीनच दिवस. पोती आत पडली की परत लावा."

आबा वर बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब सांगतात?"

"हो."

त्यांनी स्वतःच्या हातानं दोन टेकू काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होतो. आवाज फार मोठा नव्हता, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. मी पोचलो तेव्हा आबा गुडघ्यांवर बसून हातांनी काँक्रीट उपसत होते. वामन द्रावण ढवळायला आत गेला होता. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. आबांनी त्याच्या तोंडावरची पांढरी धूळ आपल्या टोपीनं पुसली आणि ती टोपी तिथंच ठेवली.

चौकशीत मला वाटत होतं, आबा मला सांभाळून घेतील. इतका मी खाली घसरलो होतो. त्यांनी सांभाळलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "तुरटीघर पहिलं म्हणून मी सांगितलं होतं. साहेबांनी चौथं लिहिलं. टेकू काढायला साहेबांनी सांगितलं. काढले मी."

चौकशी करणाऱ्यानं विचारलं, "तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"म्हणायला पाहिजे होतं," आबा म्हणाले.

माझी बढती थांबली, बदली झाली. तुरटीघराचा नवा स्लॅब आबांनीच घातला, त्यावर रोज पाणी मारलं, स्लॅब पक्का झाल्यावर खालच्या आधाराच्या फळ्या काढल्या आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. हे मला दुसऱ्याकडून कळलं.

दोन वर्षांनी मी सिन्नरला त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. मी बोलायला सुरुवात केली आणि त्यांनी हात वर केला.

"माझ्याकडं कशाला येता? तुम्ही सांगितलं, मी काढले. आपण दोघं एकाच पारड्यात. वामनच्या बायकोकडं गेलात का?"

मी गेलो नव्हतो.

"मी दर महिन्याला जातो. ती नाशकात माहेरी असते. दार उघडत नाय. मी ओट्यावर घटकाभर बसतो आणि परत येतो."

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेलो. नाशिकरोडच्या बाजूची वस्ती, ओळीनं पत्र्याची घरं. आम्ही ओट्यावर बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आमची चाहूल लागताच तो थांबला. पंधरा-वीस मिनिटांनी कडी वाजली. वामनची बायको शांताबाई दारात उभी राहिली. मी उठलो, हात जोडले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आबांशी बोलली.

"आबा, तुमच्यावर राग नाय. पण आता येऊ नका. तुम्ही येऊन गेलात की पोरगी दोन दोन दिवस बोलत नाय, जेवत नाय. मी तिला कसंबसं उभं करते, आन् महिना भरला की तुम्ही परत येऊन बसता."

आबा "बरं पोरी" म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन ओट्यावरून उतरले. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. सिन्नरची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून ते वळले.

"साहेब, मी तिच्यासाठी येतो असं समजत होतो. मी माझ्यासाठी येत होतो."

गाडी सुटली. आबा त्यानंतर तिकडे गेले नाहीत. पुढच्या थंडीत ते वारल्याचं पत्र मला आलं. मीही शांताबाईच्या दाराशी पुन्हा गेलो नाही. तिचं दुखणं आधी, माझं मन हलकं करण्याचा नखरा नंतर; तेवढं एकच काम मी आबांनी सांगितलेल्या क्रमानं केलं.