तळघरातली हवा

"हवा खेळती पायजे, ताई," म्हणत मामा आधी तळघराच्या भिंतीला तळहात लावायचे, पोराचा ताप बघावा तसा. मग दोन्ही बाजूंच्या अरुंद खिडक्या उघडायचे. बाहेर झड लागली की मात्र धावत येऊन सगळ्या बंद करायचे. पावसाची दमट हवा आत आली तर ओल वाढते, हे मला त्यांनीच शिकवलं. मी ग्रंथपाल म्हणून मिरवणारी! असा एखादा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. आपलं लक्ष नसतं, एवढंच.

वाळूजच्या एका कारखान्यात, रंगखात्यात, त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर ते बजाजनगरातल्या आमच्या सोसायटीच्या तळघरात येऊ लागले. तिथं आमचं छोटं वाचनालय आणि मुलींची अभ्यासिका. अख्खं घर एका खोलीत राहतं, अशा या मुली. दुसरीकडं कुठं बसणार? सोसायटीनं बजावलं होतं की बुरशी दिसली तर जागा गाड्यांना देऊ.

कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं त्यांनीच ओढायला लावली. जागा जाते म्हणून मी कुरकुरले होते.

मे महिन्यात मुली घामाघूम व्हायला लागल्या, म्हणून मी पाण्याचा कूलर आणला आणि गारवा टिकावा म्हणून खिडक्या लावून टाकल्या. कूलर चालू असला तर खिडकी उघडी ठेवा, नायतर ते पाणी भिंतीत मुरतंय, असं मामांनी एकदाच सांगितलं. तुम्ही कारखाना सांभाळला, वाचनालय मला सांभाळू द्या, मी म्हटलं. इतकं तोडून बोलायची काही गरज नव्हती.

पंधरा दिवसांत पुस्तकांवर बुरशी चढली आणि सोसायटीची माणसं चार दिवसांनी बघायला येणार होती. मला रडूच फुटलं. मामांनी तोंडाला रुमाल बांधला, पुस्तकं गच्चीवर नेऊन उन्हात मांडली, एकेक कोरड्या फडक्यानं पुसलं. तीन दिवस. मला हात लावू दिला नाही. टोमणाही मारला नाही. जागा वाचली.

दिवाळीनंतर मामा गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "रंगानं छाती आधीच गेलती त्यांची. बुरशीजवळ जाऊ नका, डॉक्टरनं सांगितलं व्हतं. ऐकलं नाय. म्हणले, पोरींची जागा जाईल."

आता खिडक्या मी उघडते. गुडघे दुखतात, वैताग येतो, तरी उघडते. माझं चुकलं, एवढं मामांना म्हणायला माझ्याकडं अख्खा पावसाळा होता.