स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेल्या नोट्स

मे महिन्यात आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शांत जागा एकच असते, स्वयंपाकघर. बाकी खोल्यांमध्ये कूलर घरघरत असतात. स्वयंपाकघरात गॅसची ज्योत हलते म्हणून आई पंखासुद्धा लावू देत नाही. म्हणून आमच्याकडे राहायला आलेली मुलगी तिथे बसून नोट्स रेकॉर्ड करायची. दाराजवळ प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर वही, आणि ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन.

ती आईच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची मुलगी, परभणीकडची. राजेंद्रनगरमधली क्लासजवळची भाड्याची खोली सोडावी लागली म्हणून आठ-दहा दिवसांसाठी आमच्याकडे आली आणि सिव्हिल सर्व्हिसेसची परीक्षा पूर्ण होईपर्यंत राहिली. आईला मावशी म्हणायची.

परीक्षा मीही देत होते. आदल्या वर्षी मी मराठीच्या पेपरात नापास झाले होते. त्या पेपरात फक्त पास व्हायचं असतं, मार्क धरत नाहीत. पण त्यात गेलं की बाकीचे पेपर तपासतच नाहीत. शाळेत हिंदी होतं, तेच घेता आलं असतं. पण घरात मराठी आहेच, तयारी कशाला लागते, असं आई-बाबांना आणि मलाही वाटलं. निबंध लिहायला बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे जेवणाचं, आजारपणाचं आणि भांडणाचं मराठी आहे. पाणीवाटपाचं नाही.

एक सांगायला हवं, नोट्स रेकॉर्ड करण्याची सवय आधी माझी होती. तिने माझं बघून सुरू केलं. मी माझ्या खोलीत दार लावून, कूलर बंद करून, घामाघूम होत इंग्रजीत बोलायचे आणि लायब्ररीला जाता-येता मेट्रोत ऐकायचे. माझाच आवाज मला स्टेशनांची नावं सांगणाऱ्या बाईसारखा वाटायचा. चूक नाही, अडखळणं नाही, आणि ऐकावंसं काही नाही.

आई साडेसहाला ऑफिसमधून यायची. केंद्राच्या एका मंत्रालयात तिची पंचवीस वर्षं गेली आहेत. चहा घेऊन ती भाजी निवडायला बसायची. मेथी निवडण्याचा आवाज होत नाही, त्यामुळे त्या मुलीचं रेकॉर्डिंग चालू राहायचं. काही दिवसांनी आई मध्येच प्रश्न विचारायला लागली. मला वाटलं, आता ही मुलगी वैतागेल. ती वैतागली नाही. रेकॉर्डिंग थांबवायचीही नाही. माझ्या बंद दाराआडून मला दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मी तोच पॅराग्राफ तिसऱ्यांदा वाचायचे.

एकदा तिने मला विचारलंही, फाइली पाठवू का, मराठीच्या पेपरला उपयोग होईल. मी म्हटलं, नको, थँक्स, माझ्या आहेत. माझ्याकडे मराठीत एकही नव्हती.

मग एका रविवारी आईच्या फोनवर तिचे मेसेज दिसले. सगळ्या फाइली तिथे होत्या, ओळीने. आई ऑफिसला जाताना मेट्रोत त्या ऐकत होती. माझ्या नोट्स आईने कधी मागितल्या नव्हत्या. मी सगळ्या स्वतःला पाठवल्या आणि आईच्या फोनवरून त्याची खूण पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत दाराला टेकून पहिली ऐकली. विषय दुष्काळाचा होता. ती मुलगी सांगत होती, मध्येच आई म्हणाली, “थांब गं. दुष्काळ जाहीर कोण करतं शेवटी? तलाठी?”

“तलाठ्याच्या हातात असतं तर आमच्या तालुक्यात दर वर्षी असता, मावशी. राज्य सरकार करतं.”

मग पैसेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज कसा काढतात, ते तिने सांगितलं. हा शब्द मला माहीत नव्हता, आईला होता. पुढच्या एका फाइलीत ती मुलगीच आईला विचारत होती, फाइल सेक्शनमधून वर कशी जाते, कुठे अडकते. आईने एका साहेबांची नक्कल केली. हे सगळं मी इंग्रजी पुस्तकातून पाठ केलं होतं, आणि ते रोज करणारी बाई माझ्या दाराबाहेर मेथी निवडत बसली होती. माझी आई इतकं छान बोलते, हे मला दुसऱ्या मुलीच्या फाइलीतून कळावं, याचा मला राग आला. त्या मुलीचाच राग आला.

एका फाइलीच्या शेवटी धडा संपला होता आणि फोन तसाच चालू राहिला होता.

“माझी पण असंच मोठ्याने वाचायची माझ्याजवळ बसून,” आई म्हणाली. “चौथीपर्यंत. मग एकदा काही विचारलं तर म्हणाली, आई, तुला नाही कळणार, इंग्लिशमध्ये आहे.”

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग आईच म्हणाली, “हं, पुढे सांग.”

मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण मीच म्हटलं असणार, ते वाक्य माझंच आहे. त्या मुलीने ते कापलं नव्हतं. उजळणी करताना दर वेळी ते तिच्या कानावर पडत असणार, आणि जेवताना ती मला सहज विचारायची, कोशिंबीर वाढू?

जुलैत ती चार दिवस गावी गेली. संध्याकाळी मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि स्टुलावर बसले. आई गवार मोडत होती. तिने वर पाहिलं. मी पोह्यांच्या डब्याला फोन टेकवला आणि मराठीत सुरू केलं, पाणीवाटपावर. वाईट झालं. तिसऱ्या वाक्याला अडले, तेव्हा आईने फक्त धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागाचा शब्द सांगितला, ‘लाभक्षेत्र’, आणि गवारीकडे बघत राहिली. मी प्रश्नाची वाट पाहत बोलत राहिले. त्या दिवशी तिने एकही विचारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी विचारला.

त्या वर्षी मी मराठीत पास झाले. शेवटच्या यादीत मात्र तिचं नाव आलं, माझं नाही. आता स्वयंपाकघरातलं स्टूल माझं आहे, आणि पुढच्या प्रयत्नाच्या बऱ्याच फाइली तयार आहेत. त्यांत आईचे प्रश्नही आहेत, चांगले आहेत. पण दर वेळी आई आधी म्हणते, “विचारू का?”

त्या मुलीच्या सगळ्या फाइली मी पुन्हा ऐकल्या. तिला आईने हे एकदाही विचारलेलं नाही.