हाताला कळणारं गाणं

परवा मालेगावच्या एका दुकानात टेबलावरचा छोटा रेडिओ खरखरला आणि माझा जीव पुन्हा तसाच कासावीस झाला.

खूप वर्षांपूर्वी मी कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. शिलाई मशीनजवळ ठेवायला रेडिओ हवा म्हणून आई मला मंगरूळपीरला घेऊन गेली. दुकानदार एकेक रेडिओ लावून दाखवी. आई आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवी आणि मान हलवी.

"याचा आवाज लय बारीक हाय, भाऊ. दुसरा दाखवा."

दुकान दणाणत होतं. रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती. मला आधी लाज वाटली, मग शंका आली.

"आई, तुले ऐकू नाई येऊन राह्यलं का?" मी तिच्या कानाशी ओरडले.

एका लाल रेडिओवर तिनं तळहात टेकवला आणि तिचा चेहरा उजळला. "हाच घेऊ."

घरी आल्यावरही मला चैन पडेना. मशीनच्या आवाजात कोपऱ्यात उगाच वाजणारा तो रेडिओ बघवेना. शेवटी मी तो बंद करायला गेले, तर आईनं माझा हात धरून रेडिओवर ठेवला.

"राहू दे वं. बातम्या सरल्या, आता कुठं गानं सुरू झालं."

खरंच, गाणं सुरू झालं होतं.