पावण्यांनी बांधलेली मोरी

शाहूपुरीत घरमालक आणि कंत्राटदार यांचं फाटलं की लोक कोर्टात जाण्याआधी गणपतराव मास्तरांकडे यायचे. ज्या घरावरून भांडण, त्याच घरात मास्तर दोघांना समोरासमोर बसवत. नियम एकच: तक्रार मला सांगू नका, त्याच्या तोंडावर बोला. माझ्या शिलाईच्या दुकानाची नवी भिंत कलली तेव्हा मीही असाच बोललो होतो. भिंत पुन्हा सरळ बांधून मिळाली.

आणि या माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मोरीचा ढाळ उलटा. तांब्याभर पाणी ओतलं तरी ते बाहेर न जाता चुलीकडे यायचं. त्यांची बायको बाळाबाई, दुखरे गुडघे घेऊन, दिवसभर फडक्यानं फरशी पुसत असायच्या. घर बांधलं होतं जोतीरामांनी, आणि जोतीराम पडले मास्तरांचे व्याही. एकुलती एक लेक प्रमोदिनी त्यांच्याच घरी दिलेली.

"पोरीच्या सासऱ्याला कसं बोलायचं, दिलदार? उद्या तिला ऐकून घ्यावं लागंल," मास्तर मला म्हणायचे. हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

शेवटी चौऱ्याहत्तर साली, दिवाळीनंतर, मीच मध्यस्थ झालो आणि जोतीरामांना बोलावून घेतलं. ते सुनेलाही घेऊन आले. प्रमोदिनी चहा ठेवायला आत गेली, जोतीराम पाय धुवायला मोरीत गेले. सगळं पाणी मागं फिरून तिच्या पायांखाली आलं. तिनं पातळ जरा वर धरलं, पण मान वर केली नाही.

दोघा व्याह्यांना मी तिथंच समोरासमोर बसवलं. इतकं सोपं काम कुठल्या मध्यस्थाला मिळालं नसेल.

"बोला की पावणं," जोतीराम पाय पुसत म्हणाले. "माझ्या कामात काय कमी हाय व्हय?"

मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"छे, काय न्हाय. पाणीच हाय ते, वाळंल."

मला असा संताप आला की चहा न घेताच उठावंसं वाटलं. गावाची भांडणं मिटवली यांनी, आणि स्वतःची वेळ आली तर दातखीळ बसली.

पाणी पुसत बसलेल्या बाळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ओलं फडकं त्यांनी मास्तरांच्या मांडीवर ठेवलं आणि व्याह्यांच्या देखत, नवऱ्याच्या तोंडावर म्हणाल्या, "मग वाळंस्तवर तुमी पुसा."