न मरणाऱ्या अळ्या

बोंडअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. म्हणून परभणीजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत प्रत्येक अळीला वेगळी बाटली असायची. आत हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य, तोंडाला कापसाचा बोळा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथं हंगामी सहायक होते. अळीच्या पाठीवर फवारणीच्या औषधाचा एक थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या मोजायच्या, हे माझं काम. त्या वर्षी अळ्या मरेनात. औषध कडक करत नेलं, तरी त्यांचं कुरतडणं चालूच. त्यांना ते पचायला लागलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख साहेब हरखले; हा मोठा शोध ठरणार होता. "पण अहवाल मंजूर होईपर्यंत बाहेर अवाक्षर नको," त्यांनी बजावलं. मी मान हलवली.

दोन महिन्यांनी एसटीनं सोनपेठकडच्या आमच्या गावी गेले. दादा, म्हणजे माझे वडील, पाठीवर पंप घेऊन कापसात उभे होते. तेच औषध. डोळे लालभडक.

"कितवी फवारणी, दादा?"

"मोजायचं सोडलं. दुकानदार म्हनला, डोस वाढवा."

मी घागर उचलून पुढच्या पंपाचं पाणी आणायला गेले. जेवताना आईनं विचारलं, "लय गप हाईस गं?" प्रवासानं दमलेय, म्हणाले.

सकाळी दादा पुन्हा पंप भरू लागले. मी त्यांच्या हातातली नळी धरली. "नका मारू. त्या मरत न्हाईत. मी सोता बघितलंय."

"कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"दोन महिने झाले."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पंप खाली ठेवून म्हणाले, "मंग काय मारू?"

आम्ही तिघांनी डब्यात रॉकेल-पाणी घेऊन दिवसभर हातानं अळ्या वेचल्या. संध्याकाळी मागं वळून पाहिलं, तर रान जवळजवळ सगळं उरलेलंच.

पुढच्या वर्षी दादांनी तिथं ज्वारी पेरली. बांधाबांधावर जाऊन ते सांगायचे, "माझी लेक म्हनायलीय, औषध वाया चाललंय." लोक ऐकून घ्यायचे आणि पंप भरायचे. फिरत फिरत ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. हंगाम संपला, पण मला पुढच्या नेमणुकीची ऑर्डर आली नाही.